शहाण्णव लाख नव्याण्णव हजार सहाशे नव्वद

पोस्टमन नवीन आला की आमच्या चाळीत दोन-तीन दिवस करमणूक असायची. हातात पत्र धरून बिचारा फाटकात उभा राहायचा. "सतरा नंबर कुठंय हो?" मग खोल्या मोजायचा. परत मोजायचा. "अहो, खोल्याच आठ दिसत्यात. बाकीच्या पाडल्या का काय?"

मागून आबांचा आवाज यायचा, "पाडल्या न्हाईत. बांधल्याच न्हाईत. ते नंबर फुटके होते."

आबा म्हणजे आमचे घरमालक. दौंडच्या रेल्वे यार्डात मालगाडीच्या डब्यांचे नंबर टिपून घ्यायचं काम त्यांनी उभी हयात केलं. ऊन असो, पाऊस असो, गाडी येऊन थांबली की हा माणूस वही-पेन्सिल घेऊन डब्यांच्या बाजूनं चालत सुटायचा. मोठमोठे, अकरा-अकरा आकडी नंबर. रिटायर झाले, वही सुटली, पण डोळे काही सुटले नाहीत. रस्त्यानं ट्रक गेला तरी त्याच्या नंबराची चिरफाड व्हायची. लग्नाची पत्रिका आली तर नवरानवरीची नावं राहिली बाजूला, मंगल कार्यालयाच्या फोन नंबराला तीननं भाग जातो का ते आधी बघणार.

आता चाळीच्या नंबरांचं सांगते, म्हणजे पुढचं सगळं कळेल. खोल्या आधी सातच होत्या. त्यांना एक, दोन, तीन असे नंबर न देता आबांनी दिले ते असे: दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा, सतरा. ज्या आकड्याला दुसऱ्या कुठल्याच आकड्यानं भाग जात नाही, असे. पुस्तकात त्याला मूळ संख्या म्हणतात. मी चौथी शिकलेली, मला कुठलं ठाऊक! आबा त्यांना न फुटणारे आकडे म्हणायचे. "फुटतो तो आकडा, न फुटतो तो शेजारी," असं त्यांचं स्वतःचंच एक होतं.

रंगाऱ्याला हे काही उमजलं नव्हतं म्हणे. दोन, तीन, पाच, सात अशी चार दारं रंगवली आणि पाचव्या दारावर त्यानं आपल्या मनानंच ऐटदार नऊ काढला. आबा दुपारी आले, दाराकडं बघितलं आणि तिथंच बसकण मारली.

"हे काय केलंस?"

"आबा, सातानंतर नऊच येतो की. शाळंत शिकलोय मी."

"सातानंतर आठ येतो. आठ कुठं गेला तुझा?"

रंगारी डोकं खाजवायला लागला.

"अरे, नऊ म्हंजी तीन त्रिक नऊ. तीन नंबरवाल्याच्या घरात परत तीन नंबरवालाच. हा नवा माणूस न्हाई, तीनवाल्याचा पोटभाडेकरू हाय! पूस."

पुसला. अकरा काढला. पण रंग नीट गेला नाही. मी राहायला गेले तेव्हासुद्धा ऊन कलतं पडलं की अकराच्या मागं तो नऊ दिसायचा.

तर या सातही नंबरांचा एकत्र गुणाकार केला की येतात पाच लाख दहा हजार पाचशे दहा. हा आकडा फाटकाशेजारच्या काळ्या फळ्यावर खडूनं लिहिलेला असायचा. येणारा-जाणारा त्याला पिनकोड समजायचा. एकानं तर तो मोबाईलवर लावूनही बघितला होता.

खरी गंमत पुढंच आहे. कुणी गावाला गेलं की आबा त्या आकड्याला त्या खोलीच्या नंबरानं भागायचे आणि येईल तो आकडा फळ्यावर लिहायचे. माणूस परत आलं की पुन्हा गुणायचे. यार्डात कुठला डबा आला, कुठला गेला हे टिपायची सवय, तीच ही. पण त्यात हिशेबीपणाही होता. म्हणायचे, "कोण गावाला गेलंय हे आपल्याला कळायला पाहिजे, चोराला न्हाई. चोर काय भागाकार करून कुलूप फोडत न्हाई."

आम्ही बायका मात्र त्यावर पक्क्या झालो. फळ्यावरच्या आकड्याच्या शेवटी शून्य नसलं की समजायचं, दोन किंवा पाच यातलं एक बिऱ्हाड बाहेर आहे. शेवटी पाच आला तर दोनवाले गेले, सम आकडा आला तर पाचवाले. अंकांची बेरीज करून तिला तीननं भाग गेला नाही की तीन नंबरच्या काकू माहेरी. नळावर हंडा भरता भरता बातमी फुटायची. "अगं, आज आकडा पाचावर संपलाय. दोनवाले परगावी गेले वाटतं लग्नाला." मी भागाकार शिकले तो असा, कुचाळक्या करता करता. लाज काय त्यात.

आबांचं बोलणंही नंबरातच चालायचं. नावानं कुणाला हाक नाही. "काय सतरा, आज सुट्टी?" "अहो तेरा, तुमचं दूध उतू गेलं बघा." एकदा त्यांना चक्कर आली म्हणून सातवाल्या आजी त्यांना दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरांनी बीपी बघितलं, वरचं एकशे त्रेचाळीस, खालचं एक्याण्णव. गोळी लिहून दिली. आबा घरी आले ते थेट तेरा नंबरच्या दारात.

"टीव्हीचा आवाज कमी करा तुमच्या."

"का हो आबा?"

"एकशे त्रेचाळीस म्हंजी अकरा गुणिले तेरा. एक्याण्णव म्हंजी सात गुणिले तेरा. वर बी तुम्ही, खाली बी तुम्ही. माझं बीपी तुमच्यामुळंच वाढलंय, दुसऱ्या कुणाचा संबंध न्हाई."

आणि गंमत सांगू? टीव्हीचा आवाज खरंच कमी झाला आणि बीपीही उतरलं.

आबा आता नाहीत. माझेही गुडघे उठता-बसता बोलायला लागलेत. पण त्यांची आठवण निघाली की मला आधी हसू येतं. ज्यांनी आपल्याला आधार दिला त्यांच्या आठवणीनं रडू यावं असं लोकांना वाटतं. मला नाही येत.

मी मूळची शिरूरची. सासरी जमलं नाही. का जमलं नाही ते इथं सांगत बसत नाही. घोडनदीकाठी भावाचं घर दोन खोल्यांचं, त्यात मी दोन वर्षं काढली. भाऊ चांगला होता, भावजयही वाईट नव्हती, पण रोज अंथरूण घालताना कुणाला ना कुणाला तरी सरकावं लागायचं, आणि ते सरकणं माझ्यामुळं होतं. मग कुरकुंभला औषधांच्या कंपनीत पॅकिंगचं काम लागलं. शिफ्टची ड्युटी, शिरूरहून रोज जाणं-येणं जमण्यासारखं नव्हतं. दौंडात खोली बघायला लागले. सगळीकडं पहिला प्रश्न, "मिस्टर काय करतात?" आणि माझं उत्तर ऐकलं की दुसरा प्रश्नच नाही. तेरा घरं फिरले मी. चौदावं आबांचं.

"खोल्या भरल्या," आबा म्हणाले.

कोपऱ्यात पत्र्याची एक खोली होती, दाराला नंबर नसलेली. मी विचारलं, "ती?"

"ती खोली न्हाई. सामान हाय."

"सामान काढलं तर?"

"तर आकडा बदलंल."

मला वाटलं, म्हातारा भाड्याचं बोलतोय. मी म्हटलं, "बदलू द्या की. किती होईल?"

एवढं विचारायचा अवकाश, आबांनी खडू घेतला. "सतरानंतर न फुटणारा एकोणीस," असं पुटपुटत फळ्यावर गुणाकार मांडला. मी डोक्यावरचा पदर सावरत उभी. या माणसाला वेड लागलंय की काय, आणि तसं असेल तर इथं राहायचं कसं, असा विचार चाललेला. गुणाकार संपला तसे आबा दोन पावलं मागं सरले.

"शहाण्णव लाख नव्याण्णव हजार सहाशे नव्वद," ते म्हणाले. मग एकेक अंक बोटानं दाखवत, "नऊ सहा नऊ, नऊ सहा नऊ, शून्य. शून्य बाजूला ठेवा. आता उलटं वाचा."

मी वाचलं. "नऊ सहा नऊ, नऊ सहा नऊ."

"तेच की!" आबांचा चेहरा असा फुलला होता, जशी काही घरात सूनच आली. "कवा येताय राहायला?"

म्हणजे बघा, मला खोली मिळाली ती माझा स्वभाव बघून नाही की माझी कहाणी ऐकून नाही. गुणाकार देखणा आला म्हणून मिळाली. तेरा घरांत माझी कहाणी ऐकून झाली होती. या एकाच घरात ती कुणी विचारली नाही.

पण सगळ्यांनाच काही गुणाकार आवडत नव्हता. दोन नंबरला भाऊसाहेब राहायचे. साखर कारखान्याच्या ऑफिसात, गावाकडं जमीनजुमला, पुतण्या पंचायतीत. चाळीत शब्दाला वजन. माझी सेकंड शिफ्ट असली की कंपनीची गाडी मला रात्री साडेअकराला फाटकात सोडायची. चारेक महिने भाऊसाहेबांनी ते बघून घेतलं. मग एका रविवारी सकाळी ते हातात कागद घेऊन आले. मागं सात, अकरा, तेरा आणि सतरा. आबा अंगणात दाढी करत बसले होते. मी नळावर.

"आबा, हे वाचा."

"तुम्हीच वाचा. डोळ्यात साबण जाईल माझ्या."

भाऊसाहेबांनी वाचलं. एकट्या बाईमाणसाचं रात्रीचं येणं-जाणं कुटुंबवत्सल चाळीला शोभत नाही, तरी महिनाअखेर खोली खाली करून घ्यावी. खाली पाच सह्या.

हंडा भरून वाहायला लागला तरी मला कळलं नाही. ही खोली गेली की दौंड गेलं, दौंड गेलं की काम गेलं, आणि काम गेलं की पुन्हा शिरूरला, भावाच्या अंथरुणांच्या मधे. पंधरावं घर शोधायचं बळ माझ्यात उरलं नव्हतं.

"कंपनीची गाडी फाटकात सोडती तिला," आबा म्हणाले. "मी जागा असतो. गाडीचा नंबर सांगू?"

"गाडीचा प्रश्न न्हाई आबा. लोक बोलत्यात."

"कोण लोक?"

"लोक म्हंजी..." भाऊसाहेबांनी मागं बघितलं. "म्हंजी आम्हीच."

आबांनी तोंड धुतलं, पंच्यानं पुसलं आणि फळ्यापाशी गेले. त्या दिवशी सगळे घरात, त्यामुळं आकडा पुरा होता, शहाण्णव लाखाचा.

"ह्याला एकोणीसनं भागा," ते म्हणाले. "पाच लाख दहा हजार पाचशे दहा आलं की एकोणीस नंबर खाली झाला समजा. माझा शब्द."

"आम्ही भागायचं? रोज तुम्हीच भागता की."

"रोजचा भागाकार जाऊन परत येणाऱ्याचा असतो. हा कायमचा हाय. ह्याला माझा हात लागणार न्हाई. ज्याला काढायचंय त्यानं आपल्या हातानं काढायचं."

भाऊसाहेब हसले. ऑफिसातला माणूस तो. "आणा खडू."

मोठ्यानं बोलत बोलत भागायला लागले. "शहाण्णवमधी एकोणीस पाच येळा. पंच्याण्णव. उरला एक. नऊ खाली घेतला, झाले एकोणीस. एक येळा. पुढचा नऊ घेतला. नऊला काय भाग जात न्हाई. मग त्याच्या पुढचा सहा घ्या, झाले शहाण्णव. परत पाच. उरला एक, नऊ घेतला, एकोणीस, एक येळा. शेवटचं शून्य. झालं! बाकी शून्य!"

फळ्यावर उत्तर होतं, एक्कावन्न हजार पाचशे दहा.

आबांनी चष्मा लावला. "बाकी शून्य हाय, खरंय. आता माणसं हायत का बघू. सातनं भागा ह्याला."

कुणीतरी भागलं. चार उरले.

"सात नंबर गेले," आबा म्हणाले. "अकरानं?"

आठ उरले.

"अकरा गेले. तेरानं?"

चार उरले.

"तेरा बी गेले. एकीला काढता काढता तीन बिऱ्हाडं रस्त्यावर आणली, भाऊसाहेब."

सातवाल्या आजी मेस चालवायच्या, जीभ तिखट. त्या पुढं झाल्या. "का हो, माझी सही घेतली ती मलाच काढायला व्हय?"

अकरा नंबरचा वेल्डर बिहारचा. तो घाबरून म्हणाला, "हमको भी निकाल दिया? हमने तो साइन किया था!"

"थांबा, अजून हाय," आबा म्हणाले. आता त्यांना रंग चढला होता. त्याच आकड्याला भागत भागत त्यांनी दोन काढले, तीन काढले, पाच काढले, सतरा काढले. खाली राहिला एकशे एक. "हा बघा. हा बी न फुटणारा. एकशे एक नंबरचा हा कोण पाव्हणा तुम्ही आमच्यात आणून ठेवला? ह्याच्या मिस्टरांची चौकशी केली का?"

हसू असं उसळलं की सतरा नंबरवाल्यांचं तान्हं जागं होऊन रडायला लागलं.

"झालं काय पण?" भाऊसाहेब लाल झाले होते.

"नऊला भाग जात नव्हता तवा तिथं शून्य द्यायचं होतं. तुम्ही दिलं न्हाई."

"शून्य हो! काहीच न्हाई म्हणून सोडलं."

"काहीच न्हाई ते सोडलं, आन् तीन घरं बुडाली."

आजींनी कागद ओढून घेतला आणि आपली सही खोडली. वेल्डरनं खोडली. तेरावाल्यांनीही पेन मागितलं. पण भाऊसाहेब हटणारे नव्हते. "एक चूक झाली माझी. आता बरोबर करतो. शब्द दिलाय तुम्ही." त्यांनी पुन्हा खडूकडं हात केला.

तेव्हा मला काय झालं ते आज इतक्या वर्षांनीही नीट सांगता येत नाही. मी हंडा तसाच सोडला, ओल्या हातानं पुढं गेले आणि म्हटलं, "द्या इकडं. माझा भागाकार मी करते."

एकोणीसचा पाढा मला पाठ होता. राहायला आल्यावर पहिल्याच महिन्यात केला होता, पॅकिंगच्या लाइनवर गोळ्यांची पाकिटं पुढं ढकलता ढकलता. माझा नंबर ना तो! खडू ओला झालेला, अक्षर वाकडं येत होतं. पाच. एक. नऊला भाग जात नाही, तिथं शून्य. मग पाच, एक, शून्य. पाच लाख दहा हजार पाचशे दहा.

"बरोबर!" आबा ओरडलेच. "अगदी बरोबर!"

आणि मला वाटलं, संपलं. हा माणूस बरोबर उत्तराच्या आनंदात मला खरंच बाहेर काढणार.

"आलं ना उत्तर?" भाऊसाहेब म्हणाले. "मग?"

आबांचं हसू जागच्या जागी थांबलं. शब्द दिला होता, आणि आकड्याच्या बाबतीत हा माणूस जन्मात खोटं बोलला नव्हता. इतका पुढचा विचार त्यांनी केलाच नव्हता, हे त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. ते फळ्याकडं बघत राहिले.

"ताळा राहिला."

दोन नंबरच्या दारातून आवाज आला. भाऊसाहेबांची बायको, आमच्या वहिनी. चाळीत त्यांचा आवाज क्वचितच ऐकू यायचा. हाताला कणीक तशीच.

"काय राहिलं?" भाऊसाहेब.

"ताळा. भागाकार केला की परत गुणून बघायचं असतं. त्याशिवाय पुरा होत न्हाई तो. आमचे गुरुजी अर्धे मार्क कापायचे."

त्या पायऱ्या उतरून आल्या, माझ्या हातातून खडू घेतला आणि माझ्या उत्तराखाली मांडलं, गुणिले एकोणीस.

"तू कवा शिकलीस हे?"

"रोज फाटकातून जाता-येता. तुम्ही मोबाईलमधी बघत जाता, मी फळ्याकडं बघत जाते."

नऊनं गुणलं, दहानं गुणलं, बेरीज केली. कणीक लागलेल्या बोटांनी एकेक अंक उमटत गेला. शहाण्णव लाख नव्याण्णव हजार सहाशे नव्वद.

"जुळला," वहिनी म्हणाल्या.

आबांनी एवढा मोठा श्वास सोडला की चष्म्यावर वाफ आली. "जुळला! म्हंजी भागाकार पुरा झाला आन् एकोणीस बी परत घरात. भाऊसाहेब, कुणालाबी काढून बघा. ताळा करायला लागला की माघारी घ्यावंच लागतंय."

भाऊसाहेबांनी कागदाची घडी घातली. खिशात ठेवावी की टाकावी हे ठरत नव्हतं, म्हणून ती हातातच धरून ते आत गेले. वहिनींनी खडूचा आणि कणकेचा हात पदराला पुसला. माझा हंडा अजून नळाखाली वाहत होता. तो त्यांनी उचलून माझ्या कमरेवर दिला.

"उद्या तुमची फस्ट शिफ्ट ना?" त्या म्हणाल्या. "मग सकाळचं पाणी आधी तुम्ही भरा. मी मागनं येते."